फिक्स्ड ॲसेट रजिस्टर (स्थिर मालमत्तेची नोंदवही) नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणताना : मागचा सगळा इतिहास आणावा की फक्त सुरुवातीची शिल्लक?

मांडवीकाठ

नमस्कार. गोव्यात बार्देश तालुक्यातल्या एका कौटुंबिक हॉटेल कंपनीचे हिशेब मी सांभाळतो. कंपनी खासगी मर्यादित आहे. आमची खाती आजवर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि तिथे इमारत, फर्निचर, वातानुकूलन यंत्रे, विद्युत जोडणी, वाहने, संगणक अशी मालमत्तेची ढोबळ खातीच आहेत. प्रत्येक वस्तूचा तपशील एक्सेलच्या शीटमध्ये असतो. वर्षअखेरीला त्या शीटवरून सरळ रेषा पद्धतीने (दर वर्षी सारखीच रक्कम) घसारा, म्हणजे वस्तूच्या किमतीतली घट, काढायचा आणि एकच जर्नल नोंद टाकायची, अशी आमची रीत आहे. आता प्रत्येक वस्तूची स्वतंत्र नोंद राहील आणि घसारा महिन्याच्या महिन्याला आपोआप पडेल असे सॉफ्टवेअर घ्यायचे व्यवस्थापनाने ठरवले असून, बदलाची तारीख १ एप्रिल २०२५ धरली आहे. शीटमध्ये सुमारे साडेआठशे ओळी आहेत आणि त्यांतल्या काही २००५ च्या आधीच्या आहेत.

माझा प्रश्न असा. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्यांचे म्हणणे आहे की, खरेदीची तारीख, मूळ किंमत आणि आयुर्मान एवढे तीनच रकाने द्या, पहिल्या दिवसापासूनचा घसारा सॉफ्टवेअर स्वतः काढील. ३१ मार्च २०२५ पर्यंत साचलेला घसारा आपण आकडा म्हणून द्यावा आणि सॉफ्टवेअरने फक्त त्यापुढचा काढावा, असे मला वाटते. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

खतावणी

तुमचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्याचे कारण आकड्यांनीच दाखवतो. मी मडगावला सी.ए. म्हणून व्यवसाय करतो आणि हा प्रश्न दर वर्षी कुठल्या ना कुठल्या अशिलाकडे येतोच.

कंपनी कायदा २०१३ ची दुसरी अनुसूची १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. त्याआधी १९५६ च्या कायद्याच्या चौदाव्या अनुसूचीतले दर होते. नव्या अनुसूचीने दर काढून टाकले आणि उपयुक्त आयुर्मान दिले. बदलाच्या दिवशी जी पुस्तकी किंमत उरली होती ती उरलेल्या आयुर्मानावर वाटायची, असा नियम होता. आता समजा १ एप्रिल २०१२ रोजी तुम्ही ६,४०,००० रुपयांचा जनरेटर घेतला. जुन्या ४.७५ टक्के दराने पहिल्या दोन वर्षांचा घसारा ६०,८०० रुपये झाला. उरले ५,७९,२०० रुपये. त्यातून ५ टक्के अवशिष्ट मूल्याचे (आयुर्मान संपल्यावर उरणाऱ्या किमतीचे) ३२,००० रुपये वजा करून राहिलेले ५,४७,२०० रुपये एकूण १५ पैकी उरलेल्या १३ वर्षांवर वाटले, की वर्षाला ४२,०९२ रुपये येतात. म्हणजे ३१ मार्च २०२५ रोजी तुमच्या लेखापरीक्षित पुस्तकांत साचलेला घसारा ५,२३,८१५ रुपये आहे.

सॉफ्टवेअरला हा इतिहास ठाऊक नाही. ते ६,०८,००० रुपयांना (६,४०,००० वजा ३२,०००) सरळ १५ वर्षांनी भागील, वर्षाला ४०,५३३ रुपये काढील आणि १३ वर्षांचा घसारा ५,२६,९३३ रुपये दाखवील. एका जनरेटरमागे ३,११८ रुपयांचा फरक पडला. २०१४ पूर्वीच्या प्रत्येक ओळीत असा कमी-जास्त फरक निघेल आणि बेरीज ताळेबंदाशी जुळणार नाही. ज्या ताळेबंदावर संचालकांनी आणि लेखापरीक्षकाने सह्या केल्या आहेत त्यातला आकडा सॉफ्टवेअरच्या सोयीसाठी बदलता येत नाही. म्हणून साचलेला घसारा पुस्तकांतूनच उचला आणि आकडा म्हणून द्या. तो दिल्यावर सॉफ्टवेअरने पुढच्या दोन वर्षांसाठी वर्षाला ४२,०९२ रुपयेच काढले, तर ती ओळ नीट आली असे समजावे. फाइल चढवण्याआधी अशा चार-पाच ओळी हाताने ताडून पाहा.

साळनदी

खतावणी यांच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. मी बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू नौका) चालवणाऱ्या कंपनीत लेखा विभागात आहे. आमच्याकडे एकेका बार्जचा इतिहास फार मोठा असतो. इंजिन दोनदा बदललेले असते, तळाचे पत्रे बदललेले असतात, काही वेळा विम्याचा दावा झालेला असतो. अंतर्गत जलमार्गांवरच्या जहाजांना दुसऱ्या अनुसूचीत २८ वर्षांचे आयुर्मान आहे (स्पीडबोट असेल तर १३). एवढ्या दीर्घ काळात काय काय झाले ते एका साचलेल्या आकड्यात बुजून जाते. उद्या बार्ज विकायची वेळ आली आणि जुन्या इंजिनाची किंमत वेगळी काढावी लागली, तर नव्या सॉफ्टवेअरमध्ये ती सापडणार नाही. शिवाय गोव्यातले खाणकाम २०१२ मध्ये थांबले आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबले, तेव्हा आमच्या बार्ज नांगरून पडल्या होत्या. त्या काळातही घसारा का चालू राहिला, हा प्रश्न बँकेने विचारला होता. वापर थांबला म्हणून घसारा थांबत नाही हे लेखा मानकात स्पष्ट आहे, पण ते दाखवायला वर्षावार नोंदी हाताशी असाव्या लागतात. माझ्या मते इतिहास आणावाच.

खतावणी

साळनदी, तुमची गरज खरी आहे, पण माहिती आणणे वेगळे आणि नोंदी टाकणे वेगळे. इंजिन कधी बदलले, किती खर्च झाला, दावा किती मिळाला, हे सगळे त्या मालमत्तेच्या पानावर शेरा म्हणून, जोडपत्र म्हणून, हवे तर स्वतंत्र रकान्यात जरूर ठेवा. जुनी वर्षावार शीट पीडीएफ करून प्रत्येक बार्जला जोडली तरी बँकेचे समाधान होते. माझा विरोध आहे तो मागल्या वर्षांच्या घसाऱ्याच्या जर्नल नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने पाडण्याला. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद करता येणार नाही असेच सॉफ्टवेअर वापरावे लागते. तिथे २०१२ च्या तारखेची, पण २०२५ मध्ये तयार झालेली शेकडो व्हाउचरे दिसली, तर लेखापरीक्षक प्रत्येकाचा जाब विचारील आणि तो विचारणे त्याचे कर्तव्यच आहे.

तुमच्या इंजिनाच्या बाबतीत मात्र माझे मत तुमच्याच बाजूने आहे. ज्या भागाची किंमत एकूण किमतीच्या मानाने मोठी आहे आणि आयुर्मान वेगळे आहे, त्याची ओळ वेगळीच हवी.

साळनदी

माहिती आणि नोंद यांतला हा भेद मला मान्य आहे. वर्षावार शीट जोडण्याची सूचना उपयोगी आहे.

अबोली

मी अशा माहितीच्या फायली सॉफ्टवेअरमध्ये चढवून देण्याचे काम करते, त्यामुळे माझे लक्ष जास्त करून फाइलकडे असते. काही गोष्टी प्रत्येक कार्यालयात तशाच आढळतात.

तारखा सर्वांत आधी तपासा. आपण दिवस-महिना-वर्ष असे लिहितो आणि संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ५-६-२०१८ ही ५ जूनची तारीख ६ मे होऊन बसते. यात धोका असा की, दिवसाचा आकडा १२ पर्यंत असेल तर तारीख निमूटपणे उलटते आणि कुठेही चूक दिसत नाही. १३ पासून पुढच्या तारखा मात्र मजकूर म्हणून पडून राहतात किंवा फेटाळल्या जातात. लोक फेटाळलेल्या ओळी दुरुस्त करतात आणि उलटलेल्या तशाच आत जातात. त्यावर उपाय म्हणजे वर्ष-महिना-दिवस अशी मांडणी करून घ्या, आणि चढवल्यावर खरेदीच्या महिन्यानुसार बेरीज काढून जुन्या शीटशी ताडा.

दुसरे, मालमत्ता क्रमांक आणि यंत्राचा अनुक्रमांक असलेले रकाने आधी मजकूर म्हणून ठरवून मगच त्यात काही चिकटवा. नाहीतर ००४५ चा ४५ होतो, आणि १५ अंकांहून लांब अनुक्रमांकाचे शेवटचे अंक एक्सेल शून्य करून टाकते. ते अंक परत मिळत नाहीत. रकमेच्या रकान्यात स्वल्पविराम किंवा रुपयाचे चिन्ह नको. एकत्र जोडलेले चौकोन आणि मधल्या बेरजेच्या ओळी काढून टाका, कारण अशी बेरजेची ओळसुद्धा एक वस्तू म्हणून आत गेलेली मी पाहिली आहे. वस्तूंची नावे मराठीत असतील तर फाइल सीएसव्ही यूटीएफ-८ या प्रकारात जतन करा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात.

तिसरे म्हणजे क्रम. आधी मालमत्तेचे वर्ग, त्यांना जोडलेली तिन्ही खाती (मालमत्तेचे, साचलेल्या घसाऱ्याचे आणि घसारा खर्चाचे), मग जागा आणि विभाग, आणि शेवटी वस्तू. जागेचे नाव ‘तळमजला’ आणि ‘तळ मजला’ असे दोन तऱ्हांनी लिहिलेले असेल तर सॉफ्टवेअर एक तर ओळ फेटाळील किंवा दोन जागा तयार करील.

पाटोपूल

अबोलीताईंच्या यादीत एक भर घालतो, कारण तिथेच सर्वांत मोठा घोटाळा होतो. टॅलीतली तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांची यादी) नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणली, की फर्निचर खात्यात सुरुवातीची शिल्लक येते. त्यानंतर मालमत्तांची फाइल चढवताना सॉफ्टवेअर त्या वस्तू नव्या खरेदी समजून पुन्हा खात्यात नोंदवत असेल, तर ताळेबंदात मालमत्ता दुप्पट दिसते. ईआरपीनेक्स्ट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘आधीपासूनची मालमत्ता’ अशी खूण असते. ती केली म्हणजे वस्तूची नोंद होते पण खात्यात रक्कम पडत नाही, आणि खात्याची शिल्लक सुरुवातीच्या नोंदीनेच वेगळी आणावी लागते. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींपैकी कोणती पद्धत आहे ते बसवणाऱ्यांकडून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

कुळागर

सगळे जण फाइलविषयी लिहीत आहेत, पण त्या साडेआठशे वस्तू जागेवर आहेत का? आधी प्रत्यक्ष पडताळणी करा, मग फाइल चढवा, असे माझे ठाम मत आहे. मी फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानच्या समितीवर आहे. देवस्थानांच्या १९३३ च्या नियमावलीमुळे वस्तूंची यादी ठेवण्याची आमची परंपरा जुनी आहे. तरीही संगणकावर नोंद करायला बसलो तेव्हा ‘समई मोठी’ अशा नावाच्या अनेक ओळी आल्या, आणि कोणती ओळ कोणत्या समईची हे कुणालाच सांगता येईना. शेवटी प्रत्येक समईचे वजन आणि उंची घेतली, बैठकीखाली क्रमांक कोरला, आणि मग जुन्या यादीशी जोड लावली. देणगीतून आलेल्या वस्तूंना मूळ किंमतच नव्हती आणि सॉफ्टवेअर शून्य किमतीची ओळ घेत नव्हते, म्हणून लेखापरीक्षकाच्या संमतीने १ रुपया नाममात्र किंमत लावली.

हॉटेलातही हेच होणार. ‘खुर्ची लाकडी, नग ६०’ ही एक ओळ आहे की साठ, हे आधी ठरवावे लागेल.

पाटोपूल

कुळागर, तत्त्वतः बरोबर आहे, पण ‘आधी पडताळणी’ म्हणून थांबलेले काम वर्षानुवर्षे थांबलेलेच राहते. हॉटेलच्या खोल्या भरलेल्या असताना पलंग आणि गाद्या मोजायला कोण आत जाऊ देईल? पुस्तकांत जे आहे ते चढवावे, प्रत्येक ओळीला ‘पडताळणी बाकी’ असा शेरा द्यावा, आणि पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी असताना एकेक मजला घ्यावा. जी वस्तू सापडणार नाही तिची निर्लेखनाची (पुस्तकांतून काढून टाकण्याची) नोंद त्या वेळी, त्या तारखेला, संचालकांच्या ठरावाने होईल. फाइल चढवतानाच ओळी गाळल्या तर त्या कोणी, कोणत्या अधिकाराने गाळल्या, याचा मागमूस राहत नाही.

कुळागर

गाळाव्यात असे मी म्हटले नाही, पण ओळीची ओळख पटल्याशिवाय तिला क्रमांक देऊ नये, हे मत मी सोडत नाही. एकदा चुकीचा क्रमांक वस्तूवर चिकटला की पुढची दहा वर्षे तोच चालतो.

अबोली

क्रमांक चिकटवण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते, किनाऱ्यालगतच्या हॉटेलात साधे कागदी स्टिकर लावू नका. खाऱ्या हवेत आणि आपल्या पावसात ते वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागावर एक हंगामसुद्धा टिकत नाहीत, आधी शाई पुसट होते आणि मग कडा उचलते. बाहेरच्या यंत्रांना कोरलेली पट्टी रिव्हेटने बसवा. खोलीतल्या सामानाला प्लास्टिकचे क्यूआर लेबल चालते, मात्र ते पलंगाच्या आतल्या बाजूला लावा. बाहेरच्या बाजूला लावले तर साफसफाईत निघून जाते.

खतावणी

खाऱ्या हवेचा संबंध घसाऱ्याशीही आहे. हॉटेलातल्या फर्निचरला अनुसूचीत ८ वर्षे आहेत (सर्वसाधारण फर्निचरला १०), यंत्रांना १५. समुद्रालगत जनरेटरचे आवरण आणि वातानुकूलन यंत्रांची बाहेरची जाळी किती लवकर गंजते ते आपण सगळे जाणतो. अनुसूचीपेक्षा कमी आयुर्मान धरायला कायद्याची आडकाठी नाही, पण त्याला तांत्रिक सल्ल्याचा आधार हवा आणि वार्षिक लेख्यांत ते उघड करावे लागते. असा बदल करायचा असेल तर फाइलमध्ये गुपचूप करू नका. आधी पुस्तकांत होते तेच आयुर्मान चढवा, आणि बदल १ एप्रिलनंतर रीतसर करा.

घुमट

आमच्याकडे अनेक वस्तूंचा घसारा पूर्ण झाला आहे आणि फक्त ५ टक्के अवशिष्ट मूल्य उरले आहे. त्या चढवायच्या की नाही? वस्तू अजून वापरात आहेत.

खतावणी

चढवायच्याच. वापरात आहेत तोवर त्यांची मूळ किंमत आणि साचलेला घसारा दोन्ही ताळेबंदात असतात.

अबोली

मात्र घसाऱ्याचे ‘उरलेले हप्ते शून्य’ अशी ओळ काही सॉफ्टवेअर फेटाळतात. अशा वस्तूंसाठी ‘घसारा काढू नये’ अशी खूण असते, ती वापरा.

रापण

आयकराचा हिशेब कुणी काढला नाही म्हणून लिहितो. आयकरात वस्तूवार घसारा नसून मालमत्तांच्या समूहावर असतो : यंत्रांना १५ टक्के, फर्निचरला १० टक्के, संगणकांना ४० टक्के, आणि वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर त्या वर्षी निम्मा. म्हणून फाइलमध्ये खरेदीच्या तारखेशेजारी ‘वापरात आणल्याची तारीख’ असा वेगळा रकाना ठेवा. सप्टेंबरमध्ये घेतलेले सामान नोव्हेंबरमध्ये खोलीत लागले, तर आयकरासाठी नोव्हेंबरच धरायचा. सॉफ्टवेअरमध्ये दुसरे घसारा पुस्तक ठेवता येत असेल तर ठेवा, पण त्याच्या नोंदी मुख्य खात्यांत पडू देऊ नका. जीएसटीचेही तसेच. १ जुलै २०१७ नंतर ज्या वस्तूच्या कराची वजावट घेतली आहे तिच्या मूळ किमतीत तो कर नसला पाहिजे, कारण एकाच करावर वजावट आणि घसारा दोन्ही मिळत नाहीत. जुन्या शीटमध्ये बिलाची पूर्ण रक्कम लिहिलेली असणे अगदी शक्य आहे.

मांडवीकाठ

सर्वांचे मनापासून आभार, देव बरे करो. कराबद्दल रापण यांनी लिहिल्यावर शीट उघडून पाहिली. पुस्तकांत कर वगळलेला आहे, पण शीटमधल्या काही ओळींत बिलाची पूर्ण रक्कम आहे, त्यामुळे शीटची बेरीज खात्याशी जुळत नव्हती. हे काम आधी करतो. त्यानंतर ३१ मार्च २०२५ ची मूळ किंमत, साचलेला घसारा आणि निव्वळ किंमत या तिन्ही बेरजा वर्गवार जुळवून सुरुवातीच्या शिलकेच्या मार्गानेच जाणार आहे. पडताळणी जूनपासून मजल्यामजल्याने करू. तोपर्यंत सॉफ्टवेअरमध्ये क्रमांक असेल, पण कुळागर यांच्या सांगण्याप्रमाणे ओळख पटल्याशिवाय वस्तूवर लेबल लागणार नाही.

दोन अडचणी उरल्या आहेत. आमच्या हॉटेलचा जुना भाग म्हणजे पोर्तुगीज काळातले घर आहे. ते जमिनीसह एकाच किमतीला घेतले होते आणि शीटमध्ये ‘घर व जमीन’ अशी एकच ओळ आहे. नव्या इमारतीच्या ओळीत लिफ्टची किंमतही मिसळलेली आहे. या ओळी फाइलमध्येच फोडू का?

खतावणी

पहिल्या अडचणीत आधी हे पाहा की, आजवर घसारा कशावर काढला गेला. जमिनीवर घसारा नसतो. लेखापरीक्षकाने जमिनीचा भाग वेगळा धरून फक्त घरावर घसारा काढू दिला असेल, तर ती विभागणी त्यांच्या कागदपत्रांत असेलच. तीच फाइलमध्ये घ्या, कारण ते पुस्तकांशी सुसंगत आहे. पूर्ण रकमेवर घसारा पडत आला असेल तर ती जुन्या काळातली चूक आहे. ती फाइलमध्ये दुरुस्त करू नका. ओळ आहे तशी चढवा, खरेदीच्या वेळचे विक्रीखत आणि मूल्यनिर्धारकाचा अहवाल यांच्या आधारे विभागणी ठरवा आणि लेखापरीक्षकाशी बोलून चालू वर्षात रीतसर दुरुस्ती करा.

लिफ्टचेही तसेच. आरसीसी इमारतीला ६० वर्षे आहेत आणि लिफ्ट तेवढी चालत नाही, त्यामुळे ती वेगळी हवीच. १ एप्रिल २०१५ पासून हे बंधनकारक आहे. लिफ्टचे मूळ बिल शोधा, त्याच प्रमाणात साचलेला घसारा वाटा, आणि ही फोड चढवल्यानंतर स्वतंत्र नोंदीने, शेरा लिहून करा. ३१ मार्चचा वर्गवार तक्ता फाइलच्या बेरजेशी जसाच्या तसा जुळला पाहिजे.

अबोली

मांडवीकाठ, शेवटचा क्रम तेवढा सांभाळा. आधी सॉफ्टवेअरच्या चाचणी प्रतीत प्रत्येक वर्गातल्या दोन-चार ओळी चढवा, त्यांचा एप्रिलचा घसारा पाडून पाहा, आणि तो हाताने काढलेल्या आकड्याशी जुळला तरच खऱ्या प्रतीत पूर्ण फाइल घ्या. तिथे बेरजा जुळल्या की ३१ मार्च २०२५ पर्यंतचा कालावधी कुलूपबंद करा. आपोआप घसारा पाडण्याची सोय त्यानंतर चालू करा, त्याआधी करू नका. एखाद्या ओळीत साचलेला घसारा भरायचा राहून गेला असेल, तर सॉफ्टवेअर मागल्या सगळ्या वर्षांच्या नोंदी पाडायला जाईल. कालावधी बंद असला म्हणजे ते तिथेच अडेल आणि चुकलेली ओळ तुम्हाला लगेच कळेल.